इन्सुलिनला दुसरी हवी

माझा आवाज मोठा आहे. तक्रार म्हणून नाही, आधीच कल्पना दिलेली बरी म्हणून सांगते. मी उरणजवळच्या करंज्याची. आई बंदरावर माशांच्या लिलावात उभी राहायची, आणि तिथे जी हळू बोलते तिची पाटी दुपारपर्यंत तशीच पडून राहते. घरी आली तरी आईचा आवाज काही उतरायचा नाही, भात वाढतानासुद्धा ती लिलाव पुकारल्यासारखी विचारायची, "आजून वाडू काय?" त्यामुळे आम्ही भावंडं कुजबुजायला शिकलोच नाही. नर्सिंगला गेले तेव्हा मला सगळ्यात जड गेलं ते शरीरशास्त्र नव्हे, वॉर्डात हळू बोलणं. अजूनही जडच जातं.

तर अशी मी पनवेलच्या एका खाजगी हॉस्पिटलात लागले. बाहेरून सगळी काच, आतून सगळी गर्दी. तळोज्याच्या कारखान्यांतले कामगार, नेऱ्याकडची शेतकरी माणसं, नव्या टॉवरमधली मंडळी, सगळी तिथेच येतात. मला मेडिसिनचा वॉर्ड मिळाला. पहिलं वर्ष कच्ची नोकरी, आणि वर्ष संपताना वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरने चांगलं सांगितलं तर पक्की. त्यांनी नाही म्हटलं तर सामान उचला आणि चालू लागा.

मला तिथे पक्कं व्हायचंच होतं, आणि त्याला कारण होतं. याआधीची नोकरी मी सोडली होती. तिथल्या दोघींशी माझं बिनसलं, त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, बाकीच्यांनी त्यांची री ओढली. मी मूग गिळून बसले, आणि एक दिवस राजीनामा देऊन घरी आले. घरी सांगितलं, प्रवास झेपत नाही. आई कधी नव्हे ती एक शब्द बोलली नाही, त्यावरूनच मी समजले की तिला सगळं कळलंय. मला स्वतःचाच इतका राग आला होता की काय सांगू. पनवेलला येताना मनाशी पक्कं ठरवलं होतं: इथून कुणी काढलं तर काढू दे, मी होऊन पळणार नाही.

वॉर्डातल्या बायका वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. इन्चार्ज मॅडम तर हाताने जादूगार. ज्या म्हाताऱ्यांची नस डॉक्टरांना सापडत नसे, त्यांच्या हातावर त्या दोन बोटं फिरवायच्या आणि सुई अलगद आत. वॉर्ड सुरू झाला तेव्हापासून त्या तिथे, आणि त्यांच्याभोवती जुन्या सिस्टर्सचा घट्ट गोतावळा. कोविडच्या दिवसांत त्या सगळ्या घरी न जाता हॉस्पिटलातच राहिल्या होत्या. एकमेकींची आजारपणं काढली होती. एकीचे वडील गेले तेव्हा तिला अंत्यदर्शनाला जाता आलं नाही, तर बाकीच्या रात्रभर तिला धरून बसल्या होत्या. असं काही एकत्र सोसलं की बायकांचं एक वेगळंच नातं होतं. मला त्यांचा हेवा वाटायचा. दुपारी चेंजिंग रूममध्ये जमिनीवर पेपर पसरायचा, डबे मधोमध ठेवायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांतलं खायचं, अशी पद्धत. मीही बसायचे. माझ्या डब्यातली सुकटीची चटणी पहिल्याच दिवशी चाटूनपुसून संपली आणि दुसऱ्या दिवशी फर्माईश आली. म्हटलं, चला, मीही यांच्यातली झाले.

आता एक गोष्ट नीट समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही.

इन्सुलिनसारखं औषध एकट्या नर्सने द्यायचं नसतं. एक भरते, दुसरी बघते. दुसरीने बाटली वाचायची, सिरिंज बघायची, पेशंटच्या मनगटावरचं नाव ताडायचं, आणि मगच सुई टोचायची. दोघींच्या सह्या. आमच्यात त्या बघणारीला नुसतं "दुसरी" म्हणतात. "इन्सुलिनला दुसरी कोण?" असं विचारायचं, म्हणजे कुणीतरी उठून येते. हा नियम कुणाची हौस म्हणून केलेला नाही. इन्सुलिनची बाटली दोन ताकदींची येते, एक चाळीसची आणि एक शंभरची. सिरिंजही तशाच दोन. चाळीसवालीची टोपी लाल, शंभरवालीची केशरी. शंभरची बाटली चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरली, तर खुणेवर आकडा बरोबर दिसतो आणि पेशंटच्या अंगात जातं अडीचपट. साखर इतकी खाली येते की माणूस बेशुद्ध होतो, कधी उठतही नाही.

आमच्या वॉर्डात मात्र वेगळीच रीत पडली होती. भरणारी एकटी भरायची, एकटी द्यायची, आणि ड्युटी संपताना चहा पिता पिता दुसरी सगळ्या चार्टवर एकदम सह्या ठोकायची. कुणी कुणाचं बघायचं नाही. आळस म्हणून नव्हे हो. त्यांच्यात तो विश्वास होता. जिच्याबरोबर मरणाच्या दारात उभ्या राहिलो, तिला काय "दाखव" म्हणायचं? विचारणंसुद्धा अपमान.

मला हे ठाऊक नव्हतं. एक दिवस ड्युटी संपताना माझ्याच वयाची एक सिस्टर चार्टचा गठ्ठा घेऊन आली. तळोज्याची, मुसलमान घरातली, स्वभावाने गोड, आणि तोवर माझी तिथली एकमेव खरी मैत्रीण. म्हणाली, जरा सह्या कर ना, निघायचंय. मी सरळ म्हणाले, अगं, मी बघितलंच नाही तर सही कशी करू? यात मला काही मोठं बोलल्यासारखं वाटलं नाही. पण माझ्या आवाजाचं तर सांगितलंच तुम्हाला. अख्ख्या काउंटरला ऐकू गेलं. इन्चार्ज मॅडमनी मान वर केली आणि शांतपणे म्हणाल्या की इथे आम्ही एकमेकींवर विश्वास ठेवतो. मी म्हटलं, विश्वास आहे मॅडम, पण मी तिथे नव्हतेच. त्यावर त्या पुन्हा चार्टकडे वळल्या. मला वाटलं, विषय संपला.

विषय कसला संपतोय! दुसऱ्या दिवशीपासून मला वाळीत टाकलं.

गावात वाळीत टाकतात तेव्हा निदान पंचायत बसते, कुणीतरी उठून सांगतं तरी. इथे ताकास तूर लागू दिली नाही. दुपारी डबा घेऊन गेले तर पेपराभोवती गोल पूर्ण झालेला, कुणाचा गुडघा जरासुद्धा सरकेना. एकीने वर न बघता सांगितलं, वॉर्ड रिकामा नको, तू थांब, आम्ही आलो की तू ये. त्या आल्या तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. वॉर्डाचा व्हॉट्सअॅप ग्रुप अचानक मुका झाला. मागाहून कळलं की नवा काढलाय आणि त्यात मी नाही. ड्युटीतले बदल त्या नव्या ग्रुपवर सांगितले जायचे. एकदा त्यांनी माझी ड्युटी परस्पर बदलली, मी करंज्याहून धडपडत आले, तर माझ्या जागी दुसरीच उभी. ती गालात हसली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! पण शिफ्ट माझी नव्हती, तर भांडणार कशावरून? परत जाताना एसटीत खिडकीशी बसून मी एकटीच त्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते. आमच्या बंदरावरच्या खास शिव्या, इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पाळी बदलताना आधीच्या सिस्टरने प्रत्येक पेशंटची हकीकत पुढचीला सांगायची असते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. मला ओव्हर मिळायचं ते पर्स खांद्याला लावून, चालता चालता, अर्धं जिन्यात. जाड पेशंटला कुशीवर वळवायला दोघी लागतात. माझ्या वेळेला सगळ्यांचे हात कामात. माझी तळोज्याची मैत्रीण? ती लिफ्टमध्ये भेटली की माझ्या चपलांकडे बघायची. ते मला सगळ्यात लागलं. बाकीच्या गेल्या उडत, पण हिच्यासाठी मी रडले, खोटं कशाला बोलू.

आणि मग आलं इन्सुलिन, ते खाण्याआधी द्यायचं असतं. माझ्या पेशंटना इन्सुलिन द्यायचं म्हटलं की दुसरी कुणी उठेचना. मी ट्रे हातात घेऊन उभी, आणि काउंटरवर सगळ्या अचानक काहीतरी लिहायला लागायच्या. त्यांना ठाऊक होतं ना, की ही न दाखवता देणार नाही. म्हणजे एकतर मी नियम मोडून त्यांच्यातली व्हावं, नाहीतर माझ्या पेशंटचा नाश्ता थंड व्हावा आणि डॉक्टरांनी मला झापावं.

माझ्या पेशंटमध्ये नेऱ्याकडची एक आजी होती. पायाच्या जखमेसाठी बरेच दिवस दाखल. साखर भलतीच वर, आणि खाणं चिमणीचं. ती आशेने ताटलीकडे बघत बसायची आणि मला विचारायची, बाय, आता तरी खाव काय? एके सकाळी तिने असं विचारलं आणि मी भडकले. ट्रे तिच्या पलंगाशी ठेवला, वॉर्डाच्या मधोमध उभी राहिले आणि आईसारखा आवाज लावला: "इन्सुलिनला दुसरी हवी!"

वॉर्डच काय, खालच्या मजल्यावरच्या लोकांनीही वर बघितलं असेल. नातेवाईक उठून उभे राहिले. एक काका मोबाइल कानाला लावून बोलत होते, ते दचकून थांबले. मी परत पुकारलं. तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तेवढ्यात तळोज्याचीच आली, लालबुंद होऊन. घाईघाईत बाटली, सिरिंज बघितली आणि पळाली. पण आली! मग रोज हेच. त्या बोलावल्याशिवाय येत नाहीत ना, मग मी बोलावते. पेशंटना तर मजा वाटायला लागली. माझा ट्रे दिसला की पलीकडचा एक रिक्षावाला म्हणायचा, सिस्टर, आज मी पुकारू का?

मॅडमना हे किती झोंबलं असेल ते मी आज समजू शकते. वॉर्ड त्यांचा, आणि ही कालची पोर बाजार मांडून बसलीय. त्यांनी तक्रार केली. मेट्रनने मला बोलावून घेतलं. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसच्या वरच्या, पाठीत दुखत असल्याने कायम ताठ बसणाऱ्या बाई. त्यांनी मला समजावलं की काम चांगलं आहे, पण जुळवून घ्यायला शिका. मी सांगायला गेले तर म्हणाल्या, प्रत्येक वॉर्डात थोडं हे असतंच. आणि मग खरं ते सांगितलं: तुमचं वर्ष भरतंय, महिनाअखेरीला इन्चार्ज तुमच्याबद्दल हो की नाही सांगणार आहेत, त्यांनी नाही म्हटलं तर माझ्या हातात काही नाही.

त्या आठवड्यात घरी गेले तेव्हा पहिल्यांदा आईला सगळं सांगितलं, आधीच्या नोकरीचंसुद्धा. ती बोंबील निवडत होती. निवडणं न थांबवता तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, म्हणेल सोड, दुसरीकडे बघ. ती म्हणाली, "वरडायचा सोडू नको. फकत शिवी देव नको." बस, एवढंच. मी हसत सुटले.

महिनाअखेरीला थोडेच दिवस उरले असतानाची ती सकाळ. दोघी आजारी, एक रजेवर, त्यामुळे माणसं कमी. इन्चार्ज मॅडम स्वतः इन्सुलिन भरत होत्या, आणि माझी नेऱ्याची आजी त्या दिवशी त्यांच्या वाट्याला गेली होती. मी माझ्या बाजूच्या पेशंटसाठी भरायला फ्रीजजवळच्या ट्रॉलीशी गेले. मॅडम नुकत्याच भरून पलंगाकडे निघाल्या होत्या. त्यांनी वापरलेली बाटली तिथेच होती. मी सवयीने उचलून वाचली. शंभर.

आमच्या वॉर्डात नेहमी चाळीसच यायची. फार्मसीतला साठा संपला म्हणून त्यांनी शंभरची पाठवली होती. तसा निरोपही त्या नव्या ग्रुपवर आला होता म्हणे. गुड मॉर्निंगच्या फुलांखाली कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. मला तर तो मिळायचा प्रश्नच नव्हता. मी मान वळवून बघितलं. मॅडम आजीच्या पलंगाशी पोचल्या होत्या. त्यांनी सिरिंजची टोपी काढून बोटांत धरली होती, आणि टोपी लाल होती.

अशा वेळी माणूस काय काय विचार करतं असं लोक सांगतात. मला एवढंच आठवतं, एक विचार चाटून गेला की आता ओरडले तर माझं इथलं संपलं. डॉक्टर शेजारच्याच पलंगापाशी राउंड घेत होते, नातेवाईक भरलेले, आणि मॅडमचा सगळ्यांसमोर पाणउतारा. शिवाय मीच चुकत असेन तर? त्यांनी दुसऱ्या बाटलीतून भरलं असेल तर? हे सगळं मनात येईतो आवाज निघूनही गेला होता.

"मॅडम, थांबा. मी दुसरी. मला दाखवा."

डॉक्टरांचा स्टेथोस्कोप पेशंटच्या छातीवर तसाच. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या कधीच ओरडत नाहीत, तेव्हाही नाही ओरडल्या. हळूच म्हणाल्या, तुझं काम कर. आजीने दंड पुढे केलेला, सुई चार बोटांवर. मी बाटली घेऊन चालत गेले आणि पलंगाच्या या बाजूला उभी राहून हात पुढे केला. मी म्हटलं, दाखवल्याशिवाय नाही, मॅडम. काय करायचं ते नंतर करा माझं.

त्या हलल्या नाहीत. मीही नाही. आणि तेवढ्यात पलीकडून माझी तळोज्याची मैत्रीण आली. रीतीप्रमाणे त्या दिवशी मॅडमच्या चार्टवर तीच सही करणार होती. चेहरा पांढराफटक. म्हणाली, "मलापण दाखवा, मॅडम. सही माझी असणार आहे."

तेव्हा मॅडमनी हातातली सिरिंज बघितली. मग टोपी. मग माझ्या हातातली बाटली. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्या आजीच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर मटकन बसल्या. डॉक्टरांनी विचारलं काय झालं, तर त्यांनी लाल टोपी पुढे केली. मी ती सिरिंज त्यांच्या हातातून काढून घेतली, सुयांच्या डब्यात टाकली आणि केशरी टोपीची घेऊन नवीन भरलं. मैत्रिणीने मोठ्याने वाचलं, आजीचं नाव विचारलं, आणि मी इंजेक्शन दिलं. आजीला यातलं काही कळलं नाही. तिने उपमा मागवला आणि मीठ कमी म्हणून नाक मुरडलं.

दुपारी मेट्रनचं बोलावणं आलं. एकटीला नाही, अख्ख्या वॉर्डाला. मी मनाची तयारी केली होती. वाईट वाटत होतं, पण भीती गेली होती. ऑफिसात सगळ्या भिंतीला टेकून उभ्या, मॅडम मेट्रनसमोर खुर्चीत. जुन्या सिस्टरपैकी एकीने सुरुवात केली की चूक काय, कुणाच्याही हातून होते, पण हिने नातेवाईकांसमोर मॅडमची अब्रू काढली. दुसरीने मान डोलवली. मेट्रनने मला विचारलं, जवळ जाऊन हळू सांगता आलं नसतं का?

इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं. आईची अट मात्र लक्षात ठेवली, शिवी नाही दिली.

मी म्हणाले, "हळू कुणाला सांगू? माझ्याशी बोलतंय कोण? माझ्याबरोबर जेवू नका, मला ग्रुपमध्ये घेऊ नका, माझ्या लग्नालासुद्धा येऊ नका, मला चालेल. पण माझ्या पेशंटच्या पलंगाशी यायचं. मी तुमच्या पलंगाशी आले की दाखवायचं. एवढं जमत नसेल तर आजच काढा मला. मी मात्र होऊन जाणार नाही."

हे सगळं माझ्या नेहमीच्या आवाजात. शेवटी स्वतःच्याच कानात घुमल्यासारखं झालं. आणि खरं सांगू? मला इतकं हलकं वाटलं! नोकरी राहो की जावो, आधीच्या हॉस्पिटलात गिळलेलं सगळं त्या खोलीत बाहेर पडलं होतं. मेट्रन काही बोलणार, तोच मॅडमनी हात वर केला.

त्या मेट्रनकडे बघत बोलल्या. म्हणाल्या, सकाळचं मी स्वतःच तुम्हाला कळवलंय, त्यामुळे झाकायचं काही उरलं नाही. न बघता सह्या घ्यायची रीत माझ्या वॉर्डात आहे आणि ती मी पाडली. या पोरींचा दोष नाही, त्या माझं बघून शिकल्या. तुम्हाला जी कारवाई करायची ती माझ्यावर करा. भिंतीला टेकलेल्या बायका जमिनीकडे बघत होत्या.

"आणि हिच्याबद्दल तुम्ही महिनाअखेरीला विचारणार होतात, ते आत्ताच सांगते," मॅडम म्हणाल्या. "हिला पक्की करा. पण दुसऱ्या वॉर्डात देऊ नका. मला ही माझ्याकडे हवी आहे."

मी ओठ चावून उभी राहिले. बाहेर आल्यावर जिन्यात जो बांध फुटला तो फुटलाच. तळोज्याची माझ्या शेजारच्या पायरीवर येऊन बसली. तिला माफी मागायची होती, पण ती नुसती माझी पाठ चोळत राहिली. मी म्हटलं, बस झालं, कातडी निघेल. तेव्हा कुठे दोघी हसलो. मॅडमना मेट्रनने लेखी समज दिली. त्यांनी ती मुकाट्याने घेतली आणि वॉर्डात येऊन सगळ्यांना सांगितलं की उद्यापासून चहाच्या टेबलावर एकही सही होणार नाही.

घरी फोन केला तर आईने पहिलं विचारलं, शिवी दिलीस काय? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग ठीक हाय. मागून तिने शेजारणीला सांगितलेलं मला ऐकू आलं, म्हणजे अर्ध्या करंज्याला ऐकू गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या बाजूची कामं उरकत होते. मॅडमनी ट्रे घेतला, इन्सुलिन भरलं, आजीच्या पलंगाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि थांबल्या. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली बाई. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, पदर सावरावा तसा खांद्यावरचा कोट सावरला आणि वॉर्डाच्या मधोमध जरा चिरकतच हाक दिली, "इन्सुलिनला दुसरी हवी!"

मी निघालेच. तळोज्याची निघाली. पण काउंटरवरूनही खुर्च्या सरकल्या, आणि काल भिंतीला टेकून माझी तक्रार करणारी होती ना, तीही आली. एका इन्सुलिनला आम्ही चौघी दुसऱ्या! पलंगाभोवती कोंडाळं झालं. रिक्षावाला पेशंट उठून बसला. आजीने आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं, आणि दंड परत चादरीत ओढून घेतला.

"बाय गो," ती मला म्हणाली, "येवड्या जनी कशाला आल्यात? माजा काय खरा नाय काय?"

"तुला काय नाय झाला, आजी," मी म्हटलं. "आमी बघाया आलोय."

मग मॅडमनी बाटली उंच धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, शंभर. केशरी टोपी दाखवली. आणि आम्ही चौघींनी, एकीमागून एक, मोठ्याने सांगितलं की बघितली.